राखण आणि पहारा

भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारी आणि ओहोटी लागली की घटकाभर डोके वर काढणारी जमीन कोणाच्या मालकीची? किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हा प्रश्न थोडा विनोदीच वाटेल. जिच्यावर घर बांधता येत नाही, नांगर धरता येत नाही, मेलेल्याला मूठमातीसुद्धा देता येत नाही, तिची मालकी घेऊन करायचे काय? तरीही अशाच एका खडकापायी १४ मार्च १९८८ रोजी ६४ माणसे मेली. दक्षिण चीन समुद्रातील जॉन्सन साउथ नावाच्या प्रवाळखडकावर व्हिएतनामचे नाविक आपल्या देशाचा झेंडा रोवून पाण्यात उभे होते. चिनी नौदलाने त्यांच्यावर तोफा चालवल्या. मेलेले बहुतेक तरुण होते. पायांखाली जमीन अशी नव्हतीच. प्रवाळ होते आणि त्यावर पाणी होते.

त्यानंतरच्या काळात त्या समुद्रात जे घडले आणि आजही घडत आहे, त्याकडे आपण बहुधा राजकारण म्हणून पाहतो. चीन बलाढ्य, बाकीचे दुर्बल, अमेरिकेचे डावपेच, एवढ्यावर वर्तमानपत्रांचे काम भागते. परंतु या साऱ्याच्या तळाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे आणि तो शेताच्या बांधापासून साम्राज्याच्या सीमेपर्यंत सर्वत्र तोच आहे: एखादी वस्तू माझी केव्हा होते? मी ती आधी पाहिली म्हणून? मी तिच्यावर राबलो म्हणून? की मी तिच्याभोवती काठी घेऊन उभा आहे म्हणून?

प्रथम थोडी वस्तुस्थिती. स्प्रॅटली या नावाने ओळखला जाणारा बेटांचा, खडकांचा आणि बुडीत प्रवाळांचा समूह चार लाख चौरस किलोमीटरांहून मोठ्या सागरी प्रदेशात विखुरलेला आहे. पण निसर्गाने दिलेली त्यातील सगळी कोरडी जमीन एकत्र केली, तर ती दोन-अडीच चौरस किलोमीटर भरेल. एखाद्या मध्यम गावाची शिवार याहून मोठी असते. या जमिनीवर, तिच्या सर्व किंवा काही भागांवर, चीन, तैवान, व्हिएतनाम, फिलिपाईन्स, मलेशिया आणि ब्रुनेई या सहाजणांनी हक्क सांगितला आहे. १९९५ साली मिसचीफ रीफ या खडकावर चीनने खांबांवर काही खोपटी उभारली आणि ती मच्छीमारांच्या निवाऱ्यासाठी असल्याचे सांगितले. पुढे २०१३ च्या अखेरीपासून सुमारे दोन वर्षांत तिथे आणि आणखी सहा खडकांवर जो भराव पडला, तो अवाढव्य होता. समुद्रतळाचे प्रवाळ दातेरी चक्रांनी कातरायचे, वाळू आणि चुरा प्रचंड नळांनी ओढून घ्यायचा आणि खडकावर फेकायचा, असे हे काम. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अंदाजाप्रमाणे ३,२०० एकर, म्हणजे सुमारे १३ चौरस किलोमीटर नवी जमीन निर्माण झाली. फायरी क्रॉस, सुबी आणि मिसचीफ या तिन्ही ठिकाणी अडीच-तीन किलोमीटर लांबीच्या धावपट्ट्या आल्या, बंदरे आली, रडार आले, विमानांची कोठारे आली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदली पाहिजे. भराव एकट्या चीनने घातला असे नाही. फिलिपाईन्सने थिटू बेटावर, ज्याला ते पग-आसा म्हणजे ‘आशा’ असे सुंदर नाव देतात, १९७० च्या दशकातच धावपट्टी बांधली. मलेशियाने १९८० च्या दशकापासून स्वॉलो रीफवर नौदलाचे ठाणे उभारले आणि शेजारी पाणबुड्या पर्यटकांसाठी विश्रामगृहही काढले. व्हिएतनाम तर २०२१ पासून इतक्या झपाट्याने आपल्या ताब्यातील खडक रुंदावू लागला, की चीनशी त्याची तुलना होऊ लागली. प्रमाणात अंतर आहे आणि ते अंतर क्षुल्लक नाही. पण ज्याच्या हातात फावडे आले, त्याने ते चालवले, हेही तितकेच खरे.

वाचक विचारतील, एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर १९८२ च्या सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारात सापडते. खऱ्या बेटाला, म्हणजे जिथे माणूस स्वतःच्या बळावर वस्ती करून राहू शकतो अशा भूमीला, भोवतालच्या १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र मिळतो आणि २०० मैलांपर्यंतच्या मासळीवर, तेलावर आणि वायूवर हक्क मिळतो. नुसता खडक असेल तर बारा मैलांवर समाधान मानावे लागते. भरतीला बुडणारा असेल तर तेवढेही नाही. आणि माणसाने कृत्रिम रीतीने बांधलेल्या बेटाला काय मिळते? सुरक्षिततेसाठी भोवतालचे ५०० मीटर. बस्स. फिलिपाईन्सने जानेवारी २०१३ मध्ये याच करारान्वये चीनविरुद्ध दाद मागितली आणि १२ जुलै २०१६ रोजी हेग येथून लवादाचा निवाडा आला. स्प्रॅटलीतील एकही भूमी २०० मैलांचा हक्क देण्याइतकी बेट नाही. मिसचीफ रीफ हा तर भरतीला बुडणारा खडक असून तो फिलिपाईन्सच्या हक्काच्या क्षेत्रात आहे. नकाशावर नऊ तुटक रेषा काढून चीनने सांगितलेल्या ऐतिहासिक हक्काला कायद्याचा आधार नाही, असे लवादाने म्हटले. बेटांचे सार्वभौमत्व कोणाचे, यावर त्याने मुद्दामच मत दिले नाही. तो त्याचा विषय नव्हता. चीनने सुनावणीत भाग घेतला नाही आणि निवाडाही मानला नाही.

थोडक्यात, कायद्याने कितीही भराव घातला तरी खडकाचे बेट होत नाही. मग भराव का? कारण कायदा जे देत नाही ते उपस्थिती देते. धावपट्टी असली की विमान उतरते, धक्का असला की गस्तीची जहाजे महिनोन्‌महिने तळ देऊन राहतात आणि जो रोज तिथे असतो, त्याला विचारल्यावाचून दुसऱ्याला तिथे जाता येत नाही. आमच्या खेड्यांतही सातबारा एकाच्या नावावर आणि कुंपण दुसऱ्याचे, अशी उदाहरणे कमी नाहीत.

आता त्या जुन्या प्रश्नाकडे वळू. ‘आम्ही आधी पाहिले’ या उत्तराविषयी आम्हा कॅथलिकांना थोडे संकोचानेच बोलावे लागेल. ४ मे १४९३ च्या फर्मानाने पोप सहावे अलेक्झांडर यांनी अटलांटिकात एक रेषा आखून तिच्या पश्चिमेकडील नव्या भूमी स्पेनच्या राजाराणीला बहाल केल्या. पुढच्याच वर्षी तोर्देसियासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगाल यांनी ती रेषा पश्चिमेकडे सरकवून जग आपसात वाटून घेतले. नकाशावर रेषा ओढून समुद्र आपला म्हणण्याची कला बीजिंगमध्ये जन्मली नाही. परंतु हेही सांगितले पाहिजे, की या युक्तिवादाला पहिला समर्थ विरोध ख्रिस्तसभेच्या पोटातूनच झाला. सालामांका विद्यापीठातील डोमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी १५३९ मध्ये आपल्या व्याख्यानांत निर्भीडपणे सांगितले, की पोप हे साऱ्या जगाचे ऐहिक स्वामी नाहीत, म्हणून जे त्यांचे नाही ते त्यांना देता येत नाही. आणि केवळ शोध लागल्याने वसलेल्या भूमीवर हक्क मिळत असेल, तर त्या लोकांनी आपला शोध लावला असता तेव्हा आपल्यावर त्यांचा हक्क झाला असता काय, हा त्यांचा रोख होता.

पोर्तुगिजांनी ही रेषा आमच्या किनाऱ्यापर्यंत आणली. हिंदी महासागरात फिरणाऱ्या गलबताने त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेतलाच पाहिजे. नाही तर माल जप्त आणि गलबतही. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली, त्या तहातही तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी वसईस येऊन परवाने घ्यावेत, असे कलम होते. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःची दस्तके काढली, तेव्हा पोर्तुगीज आणि इंग्रज त्यांना चाचा म्हणू लागले! डचांनी १६०३ मध्ये सिंगापूरजवळ सांता कातारिना हे मालाने भरलेले पोर्तुगीज जहाज पकडले. त्या लुटीचे समर्थन लिहिता लिहिता ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाच्या हातून समुद्र सर्वांना मोकळा आहे हा सिद्धान्त तयार झाला आणि १६०९ साली त्याचे छोटे पुस्तक निघाले. त्याच डचांनी नंतर मसाल्यांच्या बेटांभोवती इतका कडक पहारा बसवला, की पोर्तुगीज बरे म्हणण्याची पाळी आली. दुबळा असताना समुद्र मोकळा आणि सबळ झाल्यावर समुद्र माझा, हा मनुष्यस्वभाव आहे. २०१६ च्या लवादानेही नेमके हेच हेरले होते. चिनी खलाशी शतकानुशतके या पाण्यात फिरले, मासे मारले, हे खरे. पण ते सर्वांना असलेल्या स्वातंत्र्याचा उपभोग घेत होते. इतर देशांचे खलाशीही तेच करीत होते. त्यातून दुसऱ्यांना हाकलण्याचा हक्क कसा निघतो?

दुसरे उत्तर अधिक आदरणीय आहे: मी राबलो, म्हणून माझे. श्रमाला आपल्या धर्मशिकवणीत फार वरचे स्थान आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात शेतकऱ्याच्या घामाने जमिनीवर उमटणाऱ्या हक्काविषयी आस्थेने लिहिले आहे. खाजणात बांध घालून, खारे पाणी अडवून ज्यांच्या वाडवडिलांनी भाताची शेते काढली, त्यांना हे वेगळे पटवून द्यावे लागणार नाही. मग समुद्रातून तेरा चौरस किलोमीटर भूमी उपसून काढणाऱ्यांचे श्रम हे श्रम नव्हेत काय?

श्रम आहेतच. परंतु उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने माणसाला एदेन बागेत ठेवले, ते दोन कामांसाठी: मशागत आणि राखण. हे दोन शब्द जोडीने येतात, याला अर्थ आहे. मशागत म्हणजे जे आहे त्यातील जीवन वाढवणे आणि राखण म्हणजे ते वाढलेले जीवन सांभाळणे. खाजणाच्या बांधाने भात पिकले, माणसे जगली. प्रवाळखडकावरच्या भरावाने काय पिकले? प्रवाळ ही हजारो वर्षे इवल्या जीवांनी बांधलेली भिंत असते. तिच्या आडोशाला मासळी अंडी घालते, पिले वाढतात, तिथूनच ती साऱ्या समुद्रात पसरते. त्या भिंतीचा चुरा करून तिच्यावरच तो ओतला गेला. शिवाय चिनी मच्छीमार मोठ्या शिंपल्यांच्या शोधात नावेच्या पंख्यांनी प्रवाळ तासत असल्याचे आणि सरकारने त्यांना आवर घातला नसल्याचे लवादाला आढळले. पर्यावरणाची गंभीर आणि दीर्घकाळ न भरून येणारी हानी, असे त्याने त्याचे वर्णन केले. फिलिपाईन्सच्या बिशपांनी १९८८ मध्ये आपल्या देशाच्या निसर्गाविषयी जे पत्र लिहिले, त्यात समुद्राखालच्या रंगीत सृष्टीचे स्मशान कोणी केले, असा प्रश्न होता. तो त्यांनी आपल्याच लोकांना विचारला होता. सुरुंग लावून आणि विष टाकून मासे मारणारे त्यांचेच होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात त्या प्रश्नाची आठवण केली. त्याच वर्षी तिकडे समुद्रात उपसा जोरात चालू होता.

दीपगृहांचा मुद्दा मात्र बाजूला सारता येत नाही. चीनने नव्या बेटांवर दीपगृहे उभारली, हवामानाची निरीक्षणे घेण्याची सोय केली, रुग्णालय बांधले आणि हे सर्व सर्व देशांच्या नाविकांसाठी आहे असे म्हटले. दीपगृह हे खरोखरच निःस्वार्थ बांधकाम आहे. त्याचा प्रकाश झेंडा विचारून पडत नाही. केवळ दीपगृहे उभारली गेली असती, तर या लेखाचे प्रयोजन उरले नसते. सप्टेंबर २०१५ मध्ये चीनच्या अध्यक्षांनी वॉशिंग्टनमध्ये या बेटांच्या लष्करीकरणाचा आपला हेतू नसल्याचे सांगितले होते. २०२२ मध्ये अमेरिकी नौदलाच्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने त्यातील तीन बेटे क्षेपणास्त्रांसह पूर्णपणे सज्ज झाल्याचे जाहीर केले. एका मनोऱ्यावर सर्वांसाठी दिवा आणि शेजारच्या मनोऱ्यावर सर्वांवर रोखलेली तोफ. यापैकी कोणत्या मनोऱ्यासाठी भराव घातला गेला असेल, हे वाचकांनीच ठरवावे.

इसहाकाची गोष्ट या संदर्भात मला नेहमी आठवते. गराराच्या खोऱ्यात त्याच्या चाकरांनी विहीर खणली. तेथील गुराख्यांनी पाणी आमचे म्हणून भांडण काढले. त्याने दुसरी खणली. तिच्यावरूनही तंटा झाला. तो पुढे गेला आणि तिसरी खणली. तिच्यावरून कोणी भांडले नाही, तेव्हा त्याने तिला रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा, असे नाव दिले. श्रम इसहाकाचे होते आणि न्यायही त्याच्याच बाजूने होता. तो भित्रा होता असे पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही. त्याच अध्यायात पलिष्टी लोकांनी त्याच्या बापाच्या वेळच्या विहिरी माती घालून बुजवल्याचाही उल्लेख आहे. दुसऱ्याला पाणी मिळू नये म्हणून भराव घालणे ही कल्पना अशी फार प्राचीन आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी या बाबतीत एक सूक्ष्म भेद केला आहे आणि माझ्या मते सारा प्रश्न त्यावरच फिरतो. वस्तू मिळवणे, तिची व्यवस्था पाहणे, तिची निगा राखणे यासाठी ती कोणा एकाची असणे योग्य आणि उपयुक्तही आहे. कारण जे सर्वांचे, ते कोणाचेच नसते आणि त्याची आबाळ होते. परंतु उपयोगाची वेळ येते, तेव्हा माणसाने ती आपली एकट्याची मानू नये. गरजवंत आला तर ती त्याला सहज मिळावी. धनवानाने आपला हक्क कसा बजावू नये, हे सांगताना संत बासिल यांनी नाट्यगृहात आधी येऊन बसलेल्या आणि मागून येणाऱ्यांना दार बंद करणाऱ्या प्रेक्षकाचा दाखला दिला होता. तोही थॉमस उद्‌धृत करतात. आधी येणे हा दोष नाही. दार लावणे हा दोष आहे.

ठाणे-पालघरच्या किनाऱ्यावर हा भेद मच्छीमार अडाणीपणे नव्हे तर चांगल्या जाणतेपणाने पाळत आले आहेत. डोलीचे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात ताणून धरण्यासाठी समुद्राच्या तळात कव रोवावी लागते. ती रोवणे कष्टाचे आणि खर्चाचे असते. म्हणून ज्याने रोवली, त्याची ती जागा समजतात. कोणी कुठवर रोवायची, यावरून उत्तन-वसईच्या आणि सातपाटी-डहाणूच्या मच्छीमारांत वर्षानुवर्षे वाद चालत आले आहेत, मारामाऱ्याही झाल्या आहेत. त्यांना देवदूत ठरवण्याचे कारण नाही. पण कव रोवली म्हणून तिथले पाणी माझे आणि या पाण्यावरून तुझी होडी जाता कामा नये, असे त्यांच्यापैकी कोणी म्हणत नाही.

आता तिसरे उत्तर: मी पहारा देतो, म्हणून माझे. राखण आणि पहारा हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो. पण शेताच्या माळ्यावर बसलेला राखणदार पिकाकडे पाहत असतो. पहारेकरी येणाऱ्याकडे पाहतो. लुझोन बेटाच्या पश्चिमेला सुमारे २२० किलोमीटरवर स्कारबोरो नावाचा प्रवाळखडक आहे. फिलिपिनो लोक त्याला पनातग म्हणतात. त्याचा अर्थ शांत. त्रिकोणी कड्याच्या आत उथळ, निवांत पाणी. वादळात सापडलेल्या लहान होड्या तिथे आसरा घेत आणि सांबालेस, पंगासिनान या भागांतील मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या तिथे मासेमारी करीत. तसेच चिनी आणि व्हिएतनामीही. एप्रिल २०१२ मध्ये तिथे दोन्ही देशांची जहाजे समोरासमोर आली, जूनमध्ये फिलिपाईन्सची जहाजे परत फिरली, चीनची थांबली आणि तेव्हापासून तो खडक चीनच्या हातात आहे. तोंडाशी तरंगते दोर बांधणे, पाण्याच्या तोफा चालवणे, होड्या हाकलणे हे पुढे नित्याचे झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये तर फिलिपाईन्सच्या एका जहाजाचा पाठलाग करताना चीनच्या तटरक्षक दलाचे जहाज आणि चीनचीच युद्धनौका एकमेकांवर आदळल्या. त्यानंतर महिन्याभरातच, सप्टेंबरमध्ये, चीनने तिथे सुमारे साडेतीन हजार हेक्टरांचे निसर्ग अभयारण्य जाहीर केले. मिसचीफ आणि सुबीच्या प्रवाळांचे काय झाले हे ठाऊक असलेल्याला या घोषणेवर हसावे की रडावे, हे कळत नाही.

त्या २०१६ च्या निवाड्यात या स्कारबोरोविषयी एक परिच्छेद आहे आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो, जरी त्याची चर्चा फारशी झाली नाही. खडक कोणाचाही असो, तिथे परंपरेने मासेमारी करणाऱ्या माणसांचा हक्क कायम राहतो, असे लवादाने म्हटले. फिलिपिनो मच्छीमारांना अडवून चीनने चूक केली, हे तर सांगितलेच. पण चिनी मच्छीमारांनाही तिथे तोच हक्क आहे, हेही सांगितले. हा हक्क राष्ट्राला दिलेला नाही, त्या माणसांना दिलेला आहे. मालकीचा निर्णय न करता उपयोगाचा निर्णय करता येतो, हे संत थॉमसांना आनंद देणारे तत्त्व हेगच्या वकिलांनी आपल्या वाटेने शोधून काढले.

पहाऱ्याची खरी परीक्षा मात्र पाण्यात पडलेल्या माणसापाशी होते. ९ जून २०१९ च्या रात्री रीड बँक या उथळ भागात नांगरून ठेवलेल्या जेम-व्हेर नावाच्या फिलिपिनो मासेमारी नौकेला एका चिनी जहाजाने धडक दिली. २२ माणसे पाण्यात राहिली आणि धडक देणारे जहाज निघून गेले. काही तासांनी त्यांना वाचवले ते एका व्हिएतनामी मासेमारी नौकेने. व्हिएतनामचाही त्या समुद्रावर दावा आहे. त्या खलाशांच्या दृष्टीने पाण्यातली माणसे प्रतिपक्षाची होती. त्यांनी त्यांना वर घेतले, खायला घातले. चिनी जहाजाच्या मालकाने पुढे माफी मागितली, ही नोंदही करायला हवी. पण त्या रात्री त्या पाण्याचा राखणदार कोण होता, याचे उत्तर कोणत्याही नकाशावर मिळणार नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुबळ्याच्या बाजूने येईल. फिलिपाईन्सने १९९९ मध्ये सिएरा माद्रे हे जुने जहाज सेकंड थॉमस शोल या खडकावर मुद्दाम रुतवले. १९४४ साली बांधलेले, गंजून भोके पडलेले ते धूड. त्यावर मूठभर सैनिक आळीपाळीने राहतात. त्यांना अन्नपाणी पोहोचवणाऱ्या होड्यांवर चिनी तटरक्षक तुटून पडतात; १७ जून २०२४ च्या झटापटीत एका फिलिपिनो नाविकाचा अंगठा तुटला. हाही पहाराच ना? हाही कब्जाच ना? आपण उठलो तर दुसरा बसेल, या भीतीनेच तो चालू आहे. इसहाकाने उठून जावे हे सांगणे सोपे, कारण त्याच्यापुढे रिकामे खोरे होते. मासिनलोकच्या मच्छीमाराने उठून कुठे जावे?

आक्षेप खरा आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर देऊ नये. अन्यायाने घेतले जाणारे राखण्याचा अधिकार आपली नीती मान्य करते. माझे मत इतकेच, की हा अधिकार त्या मच्छीमाराच्या जगण्यातून येतो आणि त्याच्यापुरताच टिकतो. ज्या दिवशी फिलिपाईन्सचे सैनिकही व्हिएतनामी होडीला वादळात परत पाठवतील, त्या दिवशी त्यांचे गंजलेले जहाज आणि शेजारचे काँक्रीटचे बेट यांत आकाराखेरीज फरक राहणार नाही. जुलै २०२४ मध्ये दोन्ही देशांनी त्या जहाजाला शिधा पोहोचवण्यापुरता तात्पुरता समझोता केला. खडक कोणाचा, यावर दोघांनीही आपला शब्द सोडला नाही. पण सैनिकांना जेवण पोहोचू लागले.

असा समझोता नवा नाही. १८८५ च्या ऑगस्टमध्ये जर्मन युद्धनौकेने पॅसिफिकमधील याप बेटावर झेंडा लावला, तेव्हा स्पेनमध्ये संताप उसळला. आम्ही शोधली म्हणून कॅरोलाईन बेटे आमची, असे स्पेन म्हणे. तुमचा तिथे एकही अंमलदार नाही, असे जर्मनी म्हणे. म्हणजे शोध विरुद्ध कब्जा! बिस्मार्कने, ज्याने मायदेशी कॅथलिकांना पुरेसे छळले होते त्याने, पोप तेरावे लिओ यांची मध्यस्थी सुचवली. सार्वभौमत्व स्पेनचे, पण त्याने तिथे खरा कारभार उभारावा. व्यापार, जलवाहतूक आणि मासेमारी यांची मोकळीक जर्मनांना, असा तोडगा निघाला आणि त्या डिसेंबरात रोममध्ये सह्या झाल्या. याप बेटावरील लोकांना कोणी काही विचारले नाही. चौदा वर्षांनी स्पेनने ती बेटे जर्मनीला विकून टाकली. त्या तोडग्याची थोरवी आणि उणीव दोन्ही एकाच कागदावर आहेत.

अर्जेंटिना आणि चिली यांचा वाद तर आपल्या आयुष्यातला. दोन्ही देश कॅथलिक, दोन्हीकडे लष्करी राजवटी. बीगल खाडीच्या मुखाशी असलेल्या पिक्टन, लेनॉक्स आणि नुएव्हा या तीन बेटांविषयीचा १९७७ चा लवादनिर्णय अर्जेंटिनाने झिडकारला आणि १९७८ चा नाताळ जवळ आला तेव्हा सैन्ये सीमेवर उभी होती. एकाच मिस्साला गुडघे टेकणारी पोरे दोन्ही बाजूंना बंदुका घेऊन होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल अंतोनियो सामोरे यांना धाडले. ८ जानेवारी १९७९ रोजी माँटेव्हिडिओत दोघांनी मध्यस्थी मान्य केली. मग सहा वर्षे चर्चा, रुसवे, पुन्हा चर्चा. सामोरे १९८३ मध्ये वारले. तह त्यांना पाहायला मिळाला नाही. २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्ये सह्या झाल्या: बेटे चिलीची, अटलांटिककडील समुद्र मुख्यतः अर्जेंटिनाचा. जमीन आणि पाणी यांची गाठ सोडवली, तेव्हा तंटा सुटला. चीन व्हॅटिकनची मध्यस्थी मागेल, असे स्वप्न मी पाहत नाही. गाठ सोडवण्याची रीत मात्र कोणाच्याही धर्माला अडचणीची नाही.

दक्षिण चीन समुद्राकाठच्या आसियान देशांनी आणि चीनने २००२ मध्ये एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या आहेत. निर्जन खडकांवर नवी वस्ती करू नये, असे त्यात आहे; त्याचे काय झाले ते आपण पाहिले. संकटात सापडलेल्या माणसांना न्यायाने आणि माणुसकीने वागवावे, असेही त्यातच आहे. या जाहीरनाम्याचे बंधनकारक आचारसंहितेत रूपांतर करण्याच्या वाटाघाटी वर्षानुवर्षे रेंगाळल्या आणि २०२६ साली आसियानचे अध्यक्षपद फिलिपाईन्सकडे आल्यावर त्यांना पुन्हा निकड आली. त्या मसुद्यात बेटे कोणाची याचा निकाल लागण्याची शक्यता दिसत नाही. तो नाही लागला तरी चालेल, असे मी म्हणेन. पनातगच्या तोंडाशी वादळात एखादी होडी आली आणि तिथल्या गस्तीच्या जहाजावर विशी-बाविशीचा एक मुलगा दुर्बीण लावून उभा असेल, तर झेंडा कोणताही असो, तिला आत येऊ द्यायचे, असा हुकूम त्याच्या हाती लेखी असावा. मासिनलोकच्या नावाड्याला तूर्त एवढे कलम हवे आहे.